परत जाणाऱ्या करंटचा परतावा

गेल्या रविवारी सकाळी आमचा गीझर बंद पडला आणि पदरी भौतिकशास्त्राची पदवी असताना वायरमनला पैसे का द्यावेत, या विचाराने मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच मल्टिमीटर घेऊन स्टुलावर चढलो. मेन स्विच पाडून कॉइलचा रोध मोजला, तो 26 ओहम भरला. 230 चा वर्ग भागिले 26 म्हणजे साधारण 2000 वॅट, आणि गीझरच्या पट्टीवरही तेवढेच छापलेले होते. कॉइल शाबूत असल्याचे मी जाहीर करणार, तोच वरच्या मजल्यावरचे काका पेपर मागायला आले आणि पेपर विसरून न्हाणीघराच्या दारात उभे राहिले.

मी त्यांना सांगितले की, करंट फेजच्या वायरने येतो, कॉइलमधून जातो आणि न्यूट्रलने परत जातो. ही वाट कुठेही तुटली तर तो वाहतच नाही. मुळात तो सेकंदाला 50 वेळा मागेपुढे करतो, हे मी गिळले. तेवढे आधीचेही गिळायला हवे होते.

"परत जातो? सगळा?"

"सगळा. पावणेनऊ अँपिअर आत, तर पावणेनऊ अँपिअर बाहेर."

"मग बिल कशाचं?"

बिल ऊर्जेचे असते, करंटचे नव्हे, हे पटवण्यासाठी मी पाणचक्कीचा दाखला दिला : पाणी सगळेच्या सगळे पुढे निघून जाते, पण जाता जाता दळण होते.

"पाणचक्कीवाला पैसे पाण्याचे घेतो की दळणाचे?"

"दळणाचे."

"मग इथं दळतंय कोण? कॉइल तुमची, गीझर तुमचा. बिल तुम्ही त्यांना लावायला पाहिजे! अहो, आमच्या वेळी दुधाच्या रिकाम्या बाटलीलासुद्धा किंमत होती."

कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओमने आपला नियम 1827 साली पुस्तकात मांडला, तेव्हा त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक मिळायला 1841 साल उजाडले. ओम कोणाला समजावत होता, याची मला त्या स्टुलावर प्रथमच कल्पना आली.

एव्हाना पत्नीने वायरमनला बोलावले होते. त्याने मीटर काढला नाही. गीझरमागच्या सॉकेटला नाक लावले, "लूज आहे" म्हणाला आणि काळी पडलेली पिन माझ्या हातावर ठेवली. सॉकेटमधला स्क्रू ढिला होता. गार पाण्याने अंघोळ उरकल्यावर मी कागदावर हिशेब केला : तिथे अर्धा ओहम रोध जरी निर्माण झाला असेल, तरी त्या एका टोकावर सुमारे 38 वॅट उष्णता रोज सकाळी साचत होती, म्हणजे आम्ही भिंतीत एक सोल्डरिंग आयर्नच चालू ठेवला होता. फ्लॅटचे हप्ते वीस वर्षे फेडायचे आणि बिल्डरच्या माणसाला एक स्क्रू पुरता आवळता येऊ नये, याचा राग मला अजून आहे. तो सॉकेट गीझरच्या पाठीमागे, कोणाचे डोळे पोहोचणार नाहीत अशा जागी बसवण्याची अक्कल मात्र त्याला बरोबर सुचली होती.

वायरमनने साडेतीनशे रुपये घेतले आणि जाताना काकांचा सिद्धांत शांतपणे ऐकून "काकांचं बरोबर आहे" असा निर्वाळाही दिला.

काल काका लिफ्टमध्ये भेटले. हातात विजेचे बिल होते आणि त्यातल्या "वहन आकार" या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती.

"हा येण्याचा की जाण्याचा?" त्यांनी विचारले.

मी दुसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेलो.