जुन्या लॅपटॉपसाठी राउटर डब्ल्यूईपीवर नेऊ नका

'जुन्या लॅपटॉपचं वायफाय तिप्पट फास्ट करा' हा फॉरवर्ड मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि मामांनी वाचून लगेच राउटरची सेटिंग बदललीसुद्धा. आता तरी थांबा.

त्यातला पहिलाच उपाय सगळ्यात घातक: 'डब्ल्यूपीए२ मुळे जुन्या कार्डावर लोड येतो, सिक्युरिटी डब्ल्यूईपी करा.' ही दोन्ही वायफायला कुलूप लावायची एन्क्रिप्शनची पद्धती, डब्ल्यूईपी सगळ्यात जुनी. आणि होतं नेमकं उलटं. ८०२.११एन (वायफायची एक पिढी) कार्ड डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या एन्क्रिप्शनवर चालवलं की लिंकचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, कारण एनचे वरचे वेग या एन्क्रिप्शनबरोबर वापरायला मानकातच मनाई आहे. इंटेलच्या सपोर्ट पानावर हे स्वच्छ लिहिलंय. तिप्पट सोडा, आहे तो वेगही जाईल. शिवाय डब्ल्यूईपीतली मोठी खोट २००१ मध्येच उघड झाली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी डब्ल्यूईपीची १०४ बिटची की (गुप्त किल्ली) मिनिटाच्या आत काढून दाखवली. तुमच्या कनेक्शनवरून भलत्याच कुणी काही उद्योग केले, तर चौकशी तुमच्याच दारात येणार.

यात खरं एवढंच, की राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (डब्ल्यूपीए२ नंतरची पद्धत) असेल तर बरीच जुनी कार्डं जोडली जात नाहीत. त्यावर उपाय डब्ल्यूपीए२ एईएस (एईएस म्हणजे टीकेआयपीऐवजीचं भक्कम एन्क्रिप्शन), किंवा डब्ल्यूपीए२/३ मिक्स्ड.

फॉरवर्डमधले बाकीचे दावेही असेच. 'विंडोज २० टक्के बँडविड्थ दाबून ठेवतं' हे एक्सपीच्या काळापासून फिरतंय आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खोडलंय. राउटरमागे फॉइल लावलं तर पलीकडच्या खोलीतली रेंज मरते. मदरबोर्डचा सेल बदलून रेंज वाढत नाही. हां, सेल संपला की तारीख मागे जाते आणि वायफाय जोडलेलं असूनही साइट सर्टिफिकेटची एरर देतात. तेवढ्यापुरता सीआर२०३२ बदला.

फॉरवर्डमधल्या लिंकवरचा 'ड्रायव्हर अपडेटर' अजिबात उतरवू नका. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. इंटेल ८२६० सारख्या कार्डाला जुन्या ड्रायव्हरवर वायफाय ६ चा राउटर यादीत दिसतच नाही, तिथे नवा ड्रायव्हर खरंच लागतो.

कनेक्शन सारखं तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू दे' अशा अर्थाची टिक काढा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आणि मामा, राउटर आजच डब्ल्यूपीए२ एईएसवर आणा. पासवर्ड मात्र नवा टाका, जुना आता कामाचा नाही. मग लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा.