‘टेक’ची यादी पाठ करणाऱ्या पोरांसाठी

स्पर्धा परीक्षावाल्या पोरांकडे इंग्रजीच्या नोट्समध्ये फ्रेजल व्हर्बचा (म्हणजे क्रियापद नि त्यामागे ऑफ, इन असा शब्द) एक झेरॉक्स हमखास असतो बघा, डावीकडे टेक ऑफ, टेक इन, टेक ऑन, टेक ओव्हर, टेक आफ्टर आणि उजवीकडे अर्थ, आणि पोरं ते रात्र रात्र घोकतात नि पेपरात नेमकं टेक इन आणि टेक ऑनची अदलाबदल करून येतात. माझं स्पष्ट मत आहे, हा कागद काही कामाचा नाही. क्लासवाल्यांनी उगाच धास्ती भरवून ठेवलीय.

आता प्रकार अवघड आहे हे मान्यच. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज कोशकाराने १७५५ साली डिक्शनरी काढली तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे असा बारीकसा शब्द जोडून अर्थ फिरवायची इंग्रजीची जी खोड आहे ती परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. तिथे त्याने टेक ऑफचं पण उदाहरण दिलंय, पण अर्थ काय तर नक्कल करणे! (विमान कुठलं तेव्हा.) एकट्या टेकचे त्याने १३४ अर्थ दिलेत. आणि गंमत म्हणजे हे टेक मुळात इंग्रजांचं नाहीच, व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेलं, आधी इंग्रजीत त्याच्या जागी ‘निमन’ होतं, जर्मन शिकणाऱ्यांना ‘नेहमेन’ माहीत असेल, त्याच गोतातलं. पाहुणा आला आणि घरमालकालाच बाहेर काढून बसला.

पण मराठी माणसाने याला घाबरायचं कारण काय, मला खरंच कळत नाही. आपण दिवसभर ‘घेणे’वर तर जगतो. मित्राची फिरकी घेतो, पोराला फैलावर घेतो, शेजारचा कानोसा घेतो, परीक्षेचा धसका घेतो, अंगावर आलं की माघार घेतो, लग्नात नाव घेतो, आणि वर परत ‘जेवून घे’, ‘समजून घे’, ‘जरा पडून घेतो’ आहेच. याचा झेरॉक्स कुणी दिला होता का आपल्याला?

शिंप्याकडे सैल ब्लाउज घेऊन जा, तो तोंडात टाचण्या धरून म्हणतो, “ताई, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतो.” झालं की टेक इन! इंग्रज शिंपी पण हेच म्हणतो. मग कुणाला घरात आसरा दिला तरी टेक इन, ऐकलेलं नीट डोक्यात घेतलं तरी टेक इन, सगळीकडे बाहेरचं आत येतंय. फसवणे हा अर्थ तेवढा वेगळा लक्षात ठेवावा लागतो, तो या हिशोबात सहज बसत नाही, पण एकच ठेवायचा ना, पन्नास नाहीत. ऑफचं पण तसंच, एखाद्या गोष्टीवरून सुटणं. विमान जमिनीवरून सुटलं, शर्ट अंगातून निघाला, बिलातून शंभर रुपये कमी झाले, आणि हा ऑफ एकदा डोक्यात बसला की गेट ऑफ, फॉल ऑफ, कम ऑफ वेगळे शिकायला लागत नाहीत. म्हणजे शिकवायचं तर टेक नाही, मागचा ऑफ, इन, अप शिकवा की! पण त्याला वेळ लागतो आणि यादी एका तासात संपते, म्हणून यादी.

उलट आपल्याकडे जड शब्द वापरला की इंग्रजी भारी असा समज आहे. ऑफिसच्या मेलमध्ये ‘कमेन्स’, ‘पर्चेस’ लिहिणाऱ्यांना साहेबाने “कॅन यू टेक धिस ऑन?” (हे काम अंगावर घेशील का?) विचारलं की दोन मिनिटं शांतता.

आणि हो, ‘आय गेव्ह द एक्झाम’वर हसणाऱ्यांनो, जरा थांबा. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात आणि पोरं देतात, इंग्रजांकडे पोरंच परीक्षा टेक करतात किंवा सिट करतात. बोलताना ‘गेव्ह’ म्हणालात तर भारतात कुणाचं काही अडत नाही, मी तरी टोकणार नाही. परदेशी जायला लागणाऱ्या आयेल्ट्सच्या इंग्रजी पेपरात मात्र ‘टुक’ लिहा, तिथे तपासणारा आपल्या गावचा नसतो.