घटस्फोट लवकर मिळू नये म्हणून

लग्न मोडायचं ठरलंय? छान. पण घाई करू नका. जमवताना पत्रिका बघितल्या, याद्या केल्या, कोणत्या मामांचा मान राहिला यावर आठ दिवस भांडलात. मोडताना तेवढीही हौस करायची नाही, हे बरं दिसत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर माझी बरीच वर्षं गेली आहेत (पक्षकार म्हणून की वकील म्हणून ते विचारू नका), त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो. हिंदू विवाह कायद्यापुरतंच बोलतो. इतरांसाठी वेगळे कायदे आहेत, पण बाक तोच आहे.

पहिला धोका परस्परसंमतीचा. कलम १३-ब ही पळवाट १९७६ साली कायद्यात शिरली. वर्षभर वेगळं राहायचं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि पुन्हा जाऊन सांगायचं की साहेब, अजूनही नकोच आहे. त्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की योग्य प्रकरणात हे सहा महिनेही माफ करता येतात. म्हणजे माणूस एका पावसाळ्यात मोकळा! मोकळं होऊन करणार काय? संध्याकाळी मित्रांना सांगायला काही उरणार नाही. तेव्हा सही करूच नका. चुकून केलीच असेल तर शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री फोन करायचा आणि म्हणायचं, “मी जरा फेरविचार करतोय.” पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यासारखं सुख नाही.

त्यानंतर तिला नांदायला बोलवा. नाही, खरोखर नाही. कलम ९ खाली दावा लावून बोलवा. “प्रतिवादी कोणत्याही सबळ कारणाशिवाय नांदण्यास येत नाही, वादी तिला प्रेमाने नांदवण्यास आजही तयार आहे.” हे वाक्य टाइप होत असताना वादी टायपिस्टशेजारी उभा राहून घटस्फोटाला किती लागतील हे विचारत असतो. कायद्यालाही ते ठाऊक असावं, कारण नांदण्याचा हुकूम झाला आणि वर्षभर कुणी नांदलं नाही, तर तोच हुकूम घटस्फोटाचं कारण होतो. ‘घरी ये’ असा न्यायालयाचा आदेश हाच घराबाहेर पडायचा रस्ता. असला जिना कुठल्याही वास्तुशास्त्रात सापडायचा नाही.

परंपराही मोठी आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना नांदायला लावण्यासाठी दादाजी भिकाजींनी मुंबईत दावा केला, तो १८८४ साली. एक न्यायमूर्ती म्हणाले, असं जबरदस्तीने पाठवता येणार नाही. १८८७ साली दुसऱ्यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आता तुरुंगाची सोय काढून टाकली आहे, फार तर मालमत्तेवर जप्ती येते. दावा मात्र शाबूत आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ साली हे कलम ९च घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते परत जागेवर बसवलं.

पोटगीचा अर्ज आला की काय करायचं हे तुम्हाला शिकवायला नको. काल हप्त्यावर गाडी घेणारा माणूस आज ‘मित्राच्या दुकानात बसतो, तो देईल ते घेतो’ असा होतो. आईचं आजारपण, भावाचं कर्ज, लांबच्या आत्याची जबाबदारी, सगळं एका रात्रीत अंगावर येतं. बाईसाहेब, तुम्हीही मागे राहू नका. घरी शिकवण्या घेता, ते ‘छंद’ या सदरात टाका. २०२० पासून दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र भरावं लागतं, रकानेच्या रकाने. सर्वोच्च न्यायालयाचाच आदेश आहे. ते भरताना नवरा-बायकोची जी एकवाक्यता दिसते, ती संसारात दिसली असती तर इथवर आलोच नसतो: दोघंही कंगाल.

सामानाच्या यादीकडे खास लक्ष द्या. मी पाहिलेल्या एका यादीत सोळाव्या क्रमांकावर होतं: ‘मिक्सर, एक नग, तीन भांड्यांसह.’ समोरून लेखी म्हणणं आलं, की भांडी दोनच होती, तिसऱ्याचं झाकण लग्नाआधीपासून नव्हतं. त्या झाकणावर उलटतपासणी झाली. लग्न का मोडलं यावर तेवढा वेळ कुणी घालवला नव्हता.

खरं तर लग्न मोडलं आहे एवढं सांगून इथे भागतच नाही. ते कुणी मोडलं हे सांगावं लागतं. क्रूरता, व्यभिचार, सोडून जाणं, काहीतरी सिद्ध करा. ‘हे लग्न मेलेलं आहे, आता उचला’ असं कारण कायद्यात घालावं अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ साली केली. ते अजून आत आलेलं नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की घटनेच्या अनुच्छेद १४२ खालच्या आमच्या खास अधिकारात आम्ही असा घटस्फोट देऊ शकतो. आम्ही, म्हणजे दिल्लीत. तुमच्या गावच्या न्यायाधीशाला समोर प्रेत दिसत असलं तरी त्याने खुनी शोधलाच पाहिजे.

तारखांची काळजी करू नका. कायद्यात लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न होतो. तहकुबी एका पक्षाला तीनपेक्षा जास्त देऊ नये असंही लिहिलंय. ते वाचायला वकीलसाहेबांना आज वेळ नाही, ते वरच्या कोर्टात आहेत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तर इथे वकील हा हक्क ठेवलेलाच नाही, नवरा-बायकोने आपलं आपण बोलावं अशी भाबडी कल्पना. म्हणून वकील लावण्याची परवानगी मागणारा अर्ज आधी करायचा असतो. तोही वकीलच लिहून देतात. पुकारा झाला की ‘हजर’ म्हणायचं, रोजनाम्यात पुढची तारीख पडेल, ती कॅलेंडरवर लिहायची. समुपदेशक मॅडम विचारतील, “एकत्र राहायची काही शक्यता?” दोघांनी जमिनीकडे बघायचं.

मूल असेल तर भेटीचा हुकूम मिळतो. शनिवारी दोन तास, न्यायालयाच्याच बालकक्षात. भिंतीवर फुलपाखरं, कोपऱ्यात चाकं नसलेली मोटार. तिथे एक गृहस्थ पिशवीतून गुलाबी फ्रॉक काढताना मी पाहिले. मुलीने तो अंगाला लावून बघितला, तो गुडघ्याच्या बराच वर राहिला. मधल्या चार तारखांना भेट झालीच नव्हती. ती म्हणाली, “राहू दे बाबा, बाहुलीला होईल.”

तेव्हा फ्रॉक घेताना दोन मापं मोठा घ्या. आणि पावती जपून ठेवा, खर्चाच्या शपथपत्राला जोडता येते.