सामान कमी करायला घर विकावं लागत नाही

निवृत्तीनंतर घर विकून दोन बॅगांवर हिंडणाऱ्या एका जोडप्याचा अनुभव वाचला, आवडला. पण घर विकणं सगळ्यांना जमणार नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. आम्ही फोंड्यातलं घर ठेवलं, गाडी मात्र विकली. दोन कपाटं रिकामी केली. (सौ.ला आधी ते पटलं नव्हतं.)

आता आठवड्यातून एकदा पणजीच्या बसनं निघतो, जुन्या गोव्याला उतरतो, फेरीबोटीनं दिवाडीला जातो. बेट सावकाश चालत ओलांडायचं, पलीकडच्या फेरीनं नार्व्याला उतरायचं आणि सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. नोकरीच्या काळात गाडीनं कितीदा तरी गेलो असेन. पण देव ज्या वाटेनं नदीपार गेला तीच वाट आपण चालतोय, हे पायी गेल्यावरच जाणवलं. त्या दिवशी डोळे भरून आले.

लांबचा प्रवास वर्षातून एकदाच, तोही रेल्वेनं. मार्च २०२० पासून ज्येष्ठांची तिकीट सवलत बंद आहे, ती परत सुरू व्हायलाच हवी. पेन्शनवर जगणाऱ्याला तो फरक फार जाणवतो.