फायबर चाललं म्हणून तांबं नापास? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नेटवर्क स्विचच्या १०० जीच्या (सेकंदाला १०० गिगाबिट) एका पोर्टातून चार सर्व्हरसाठी २५ जीच्या चार शेपट्या काढणाऱ्या पॅसिव्ह (सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या) तांब्याच्या केबलचं मी कौतुक केलं, ती ‘वीज शून्य’ घेते असंही लिहिलं. तुम्ही ५ मीटरच्या मागवल्या, चारपैकी दोन सर्व्हरची लिंक उठलीच नाही, फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) लावल्यावर लगेच उठली. म्हणून तांबं जुनाट, आणि ‘वीज शून्य’ ही माझी थाप, असं तुमचं म्हणणं.

थापेचं आधी. बरोबर पकडलंत. दोन्ही टोकांना ओळख सांगणारी छोटी मेमरी चिप असते, ती वीज खाते. पण ती वॅटच्या अगदी लहान अंशात. फायबरला लागणारं १०० जीचं ऑप्टिकल मॉड्यूल एकटंच अडीच-तीन वॅट घेतं, शिवाय सर्व्हरकडची चार वेगळी. ‘शून्य’ऐवजी ‘नगण्य’ लिहायला हवं होतं.

आता लिंकचं. फायबर चाललं म्हणून केबल खराब ठरत नाही. २५ जीच्या तांब्यात दोन्ही टोकं आधी आपसात बोलणी करतात, मग सिग्नल जुळवून घेतात. म्हणजे ऑटोनिगोसिएशन आणि लिंक ट्रेनिंग. फायबरमध्ये ही भानगडच नाही. स्विचवर ऑटोनिगोसिएशन बंद आणि सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर चालू असेल, तर फायबर बिनबोभाट चालेल आणि तांबं रुसून बसेल. ज्या दोन सर्व्हरची लिंक उठली नाही त्यांची कार्डं किंवा फर्मवेअर वेगळं आहे का, ते आधी बघा. माझा पैसा त्यावर.

दुसरा संशय एफईसीवर, म्हणजे वाटेत सिग्नलमध्ये झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या सोयीवर. २०१६च्या ८०२.३बीवाय या २५ जी इथरनेटच्या मानकात ५ मीटरची केबल आरएस-एफईसी हा त्यातला तगडा प्रकार धरूनच बसवली आहे, १२.८९ गिगाहर्ट्झला सिग्नलमध्ये २२.४८ डेसिबलपर्यंत घट चालते ती त्याच्याच जोरावर. एफईसीशिवाय ही मर्यादा साडेपंधरावर येते, म्हणजे जेमतेम ३ मीटर. एथटूलने (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी लिनक्सची कमांड), आणि स्विचवर त्याच्या कमांडने, दोन्हीकडे काय लागलंय ते पाहा. एकीकडे ‘आरएस’, दुसरीकडे ‘ऑफ’ असेल तर केबलला शिव्या देऊन उपयोग नाही. आरएसने सुमारे अडीचशे नॅनोसेकंदांचा विलंब वाढतो, पण तुमच्या कामाला तो जाणवू नये.

आणि रॅकच्या आत ५ मीटर कशाला? स्विच रॅकच्या माथ्यावर असेल तर २ मीटर पुरते. लांब केबल जाड तारेची, मागे वळवताना दार लागत नाही. नवी मुंबईत महापेला मी हे गुडघ्यावर बसून अनुभवलंय. तिथेच तिसऱ्या शेपटीचं लेबल गळून पडलं होतं आणि मी तासभर भलत्याच सर्व्हरची लिंक शोधत बसलो होतो.

एक मुद्दा मात्र तुम्ही मांडला नाहीत, तो मीच मांडतो: स्विचकडचं टोक गेलं की चारही सर्व्हर एकदम जातात. म्हणून आम्ही प्रत्येक सर्व्हरला दोन वेगळ्या स्विचमधून एकेक शेपटी देतो.

दोन्हीकडचं आउटपुट इथेच टाका, मग बोलू.