एसी रूमच घ्या, पैसे कंपनीच देणार आहे!

आरोग्य विमा घ्यायचा ठरवलाय? छान. मग एक गोष्ट आधीच पक्की करा: पॉलिसी वाचायची नाही. सोबत कस्टमर इन्फॉर्मेशन शीट येते, त्यात वेटिंग पिरियड, मर्यादा, काय मिळणार नाही, हे सगळं थोडक्यात दिलेलं असतं. ती तर उघडूही नका. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आणि वाचलीत तर खरंच परत करावीशी वाटायची.

प्लॅन कुठला? अर्थातच फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून विम्याची एकच रक्कम, आणि त्यात सत्तरीच्या बाबांपासून तुमच्या पोरांपर्यंत सगळे कोंबा. प्रीमियम सगळ्यात वयस्कर माणसाच्या वयावरून ठरतो, म्हणून काय झालं? मे महिन्यात बाबांची बायपास झाली की उरलेलं वर्ष बाकीच्यांनी फक्त आजारी पडायचं नाही. ‘सर, संपलेली रक्कम रिस्टोअर होते ना, पुन्हा भरली जाते!’ असं एजंट म्हणेल. त्याच माणसाला, त्याच आजारासाठी होते का, असं विचारून त्याचा हिरमोड करू नका.

ऑफिसची पॉलिसी असेल तर स्वतःची मुळीच घेऊ नका. पन्नाशीत नोकरी सुटली की शुगर-बीपी घेऊन नव्याने रांगेत उभं राहता येईल आणि जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत वाट बघता येईल.

सुपर टॉप-अप महाग वाटतोय? साधा टॉप-अप घ्या. मूळ पॉलिसी पाच लाखांची, टॉप-अपचं डिडक्टिबल पाच लाख (म्हणजे तेवढ्या रकमेच्या पुढचंच तो देणार), आणि एका वर्षात चार-चार लाखांची दोन ऑपरेशनं झाली, तर साधा टॉप-अप दोन्ही वेळा हात वर करेल, कारण एकही बिल पाच लाखांपुढे गेलं नाही. सुपर टॉप-अपने वर्षाची बेरीज धरून वरचे तीन लाख दिले असते. पण मग हप्त्यात वाचवलेल्या पैशांचा आनंद कुठून मिळाला असता?

शुगर असेल तर फॉर्मवर लिहू नका, एजंट सांगतोच. पुढे ॲडमिट करताना रेसिडेंट डॉक्टर विचारतील, ‘किती वर्षं आहे?’ तुमची बायको प्रामाणिकपणे सांगेल, ‘असेल आठ-दहा वर्षं.’ ते केसपेपरवर उतरेल, आणि माहिती लपवली म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत अशी सलग ६० महिन्यांची मुदत पॉलिसीने पुरी केलेली नसेल तर क्लेम तिथेच संपला.

आता खोली. ही सूचना मन लावून पाळा, कारण कंपनीचं खरं भलं इथेच होतं. समजा पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. काउंटरवर ट्विन शेअरिंग ५,००० ला आहे, सिंगल एसी ८,००० ला. तुम्ही म्हणणार, आईचा गुडघा बदलायचाय, चारच दिवस, वरचे १२,००० आपण भरू. करा बिनधास्त सही. पाच हजारांच्या जागी आठ हजारांची खोली घेतलीत, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, सगळ्यांच्या बिलाचे फक्त आठातले पाच भाग मिळतात. हे बिल १,६०,००० झालं असेल तर हातात १,००,०००. साठ हजार इथे गेले, भाड्याचे बारा वेगळे. झाले ७२,०००.

खोली बदलली की हॉस्पिटल सर्जनची फीही वाढवतं, म्हणून ही कपात. ठीक आहे. पण जिथे सगळ्या खोल्यांना फी एकच, तिथे ती लावायची नाही, हे इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० मध्येच सांगितलंय. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना लावायची नाही, आयसीयूलाही नाही. तरी गेल्या आठवड्यात हातात पडलेल्या सेटलमेंट लेटरमध्ये ६५,००० चं इम्प्लांट आणि ४५,००० च्या औषधं-तपासण्या सरसकट ३७.५ टक्क्यांनी कापल्या आहेत. ४१,२५० रुपये! रिमार्कच्या रकान्यात एकच ओळ: ‘प्रपोर्शनेट डिडक्शन ॲज पर पॉलिसी टर्म्स’. कुठली टर्म? कितवं कलम? एसी खोलीत झोपल्यामुळे गुडघ्यातल्या धातूचा भाव वाढतो का? इम्प्लांटचा स्टिकर जोडलाय, इम्प्लांटच्या कंपनीचं बिल जोडलंय, आणि फोनवरचा माणूस म्हणतो, ‘सर, सिस्टीमनेच कॅल्क्युलेट केलंय.’

डिस्चार्जच्या दिवशी नाश्ता भरपेट करा. हॉस्पिटलने कळवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी यायला हवी, उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीच्या माथी. म्हणून तीन तास भरत आले की टीपीएची, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची, क्वेरी येते.

ग्लोव्ह्ज, मास्क, डायपरचे पैसे मागू नका, जे मिळत नाही त्याची यादी वेगळी आहे.

आणि कागद? कॅशलेसमध्ये लागणारी कागदपत्रं विमा कंपनीने आणि टीपीएने हॉस्पिटलकडून मिळवायची, असं इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. तरी पेशंटचा मुलगा मेडिकल रेकॉर्डच्या खिडकीपाशी उभा. या कंपन्यांकडे डॉक्टर आहेत, वकील आहेत, नियम पाठ असलेली माणसं आहेत. मग चूक होते तेव्हा दरवेळी कंपनीच्याच फायद्याची कशी होते? एकदा तरी चुकून जास्त पैसे आल्याचं ऐकलंय कुणी? ही चूक नाही, लबाडी आहे.

तुम्हीही काही कमी नाही. ‘जाऊ दे, निम्म्याच्या वर तर मिळाले ना’ म्हणून लेटर कपाटात टाकता, आणि यांचं त्या ‘जाऊ दे’वरच फावतं. कपातीच्या प्रत्येक ओळीला कलम नंबर मागा, लेखी, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबईत आहे, पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतो, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पूर्ण क्लेमच नाकारला असेल तर कंपनीतल्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची (क्लेम तपासणाऱ्या समितीची) मंजुरी कधी घेतली ते विचारा. समितीच्या मंजुरीशिवाय त्यांना नाकारताच येत नाही.