पिवळ्या तारेने काय घोडे मारले आहे?

बेळगावात जुन्या मारुती ८००मध्ये स्वस्तातला टेप (त्यात कॅसेट उरलेली नसली तरी आपल्याकडे तो टेपच!) बसवायला गेले की कारागीर ‘अर्ध्या तासाचे काम’ म्हणतो आणि तो अर्धा तास दिवेलागणीला संपतो. टेपची पिवळी तार (घड्याळ आणि केंद्रे लक्षात ठेवणारी) थेट बॅटरीला आणि लाल तार (टेप चालू-बंद करणारी) चावीच्या स्विचला जोडायची, एवढे साधे काम असते. पहिल्याने दोन्ही तारा चावीला जोडल्या, त्यामुळे गाडी बंद केली की घड्याळ शून्यावर जाई आणि जुळवून ठेवलेले कोल्हापूर केंद्र गायब होई. दुसऱ्याने दोन्ही बॅटरीला जोडल्या आणि चार दिवसांनी बॅटरी उतरून धक्का मारायला अख्खी गल्ली गोळा करावी लागली. मधला मार्ग कोणाला सुचतच नाही काय? खोक्यावर मात्र ‘चार गुणिले ५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. टेपच्या मागचा फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे झाले १२० वॅट. उरलेले ८० वॅट काय कुंद्याच्या डब्यातून मिळतात? काळी, म्हणजे अर्थिंगची, तार तर रंग न खरवडताच पत्र्यावर आवळलेली आहे, म्हणून तवंदी घाटात स्पीकरमधून गायकाच्या आधी अल्टरनेटरच (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) तान घेतो. आता डॅशबोर्ड चौथ्यांदा उघडायचा आहे, आणि त्याचे दोन स्क्रू मागच्या वेळीच हरवले आहेत.